केदारनाथला निघण्यापूर्वी डॉ. केलास आठवावेत

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की जुन्या जालन्यात चारधामच्या गोष्टी निघू लागतात. स्वेटर, कानटोपी, शेव-चिवडा, गुडघ्याला लावायचे मलम, सगळे बांधून होते. विचार होत नाही तो हवेचा. कुंडलिकेच्या काठचे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर, तर केदारनाथ 3,583 मीटरवर. प्राणवायूचे हवेतील प्रमाण दोन्हीकडे 21 टक्केच. पण वर हवेचा दाब उतरतो, त्यामुळे तिथल्या एका श्वासात जालन्यातल्या श्वासाच्या सुमारे 70 टक्केच प्राणवायू हाती लागतो.

हा हिशेब ज्यांनी प्रयोगशाळेतही केला आणि हिमालयात स्वतःच्या फुप्फुसांवर पडताळूनही पाहिला, ते अलेक्झांडर केलास हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ. जन्म 1868 चा, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचा. लहानपणापासून भावाबरोबर केर्नगॉर्म्सचे डोंगर पायी पालथे घालण्याची आवड. पुढे लंडनमध्ये विल्यम रॅमसे यांच्या हाताखाली काम केले. हवेत आणि उच्छ्वासात अर्गॉन किती असतो, यावरचा त्यांचा निबंध 1895 चा. त्यानंतर जवळपास वीस वर्षे ते मिडलसेक्स रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात भावी डॉक्टरांना रसायनशास्त्र शिकवत होते. सुट्टी मिळाली की स्वारी हिमालयाकडे.

तिथेही त्यांचा रिवाज वेगळा होता. त्या काळचे साहेब आल्प्समधले वाटाडे सोबत आणत. केलास शेर्पा आणि भुतिया साथीदारांवर विसंबले आणि त्यांच्या ताकदीबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले. 1911 मध्ये सिक्कीमच्या सीमेवरील 7,128 मीटर उंचीच्या पौहुनरीच्या शिखरावर ते पोचले. तोवर माणूस एवढ्या उंचीच्या माथ्यावर पोचला नव्हता, हे जगाच्या लक्षात यायला मात्र अनेक दशके लागली. केलास यांना स्वतःचा गाजावाजा करणे जमतच नसे.

पुढचे काम त्याहून मोलाचे. कमी दाबाच्या बंद खोलीत स्वतः बसून त्यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्याबरोबर प्रयोग केले. एव्हरेस्टच्या माथ्याजवळ माणसाचे शरीर मिनिटाला जेमतेम एक लिटर प्राणवायू वापरू शकेल, असा अंदाज त्यांनी बांधला. बाहेरून प्राणवायू न घेताही उत्तम प्रकृतीचा, सराव असलेला माणूस तिथे पोचू शकेल, हा त्यांचा निष्कर्ष. 1978 मध्ये मेस्नर आणि हाबेलर यांनी तो खरा करून दाखवला, आणि 1981 च्या मोजमापात प्राणवायूचा आकडाही त्यांच्या अंदाजाच्या अगदी जवळ निघाला. 1920 मध्ये गढवालमधील कामेट शिखरावर त्यांनी प्राणवायूची नळकांडी तपासली, तेव्हा ती चढाईसाठी फारच जड वाटली. हे कामेट बद्रीनाथ ज्या चमोली जिल्ह्यात आहे, तिथलेच.

केलास यांच्या अभ्यासाला पायाभूत असलेली गोष्ट साधी आहे: शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. आजचे वैद्यकीय मार्गदर्शनही तेच सांगते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. आपल्या सहलींचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे असते. गौरीकुंड सुमारे 1,980 मीटरवर. तिथून 16 किलोमीटरची चढण एका दिवसात संपवायची. किंवा हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर. हेलिकॉप्टर गुडघे वाचवते, पण फुप्फुसांना सवय लावून देत नाही, उलट तिचा वेळच हिरावून घेते. दर यात्राकाळात भाविक दगावल्याच्या बातम्या येतात आणि 'देवाच्या दारी गेला' म्हणून विषय मिटतो. हे समाधान घरच्यांनी करून घ्यावे. सहल आखणाऱ्यांनी नव्हे. वाटेत लिंचोलीला एक जादा मुक्काम धरला तर खर्च थोडा वाढेल, एवढेच.

आणि यात्रेकरूंचाही दोष आहेच. डोके दुखते, मळमळते, चालताना तोल जातो, तरी 'आता एवढे आलो आहोत' म्हणून माणूस सोबतच्यांना सांगत नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा बोलणे अडखळू लागले, तर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. उंचीच्या त्रासावरची गोळीही शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नये. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर मुळीच नाही.

उंचीचे शास्त्र त्या काळी सर्वांत जास्त जाणणारे केलास स्वतः याच चुकीला बळी पडले, हे दुःखद आहे. 1921 च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत ते होते. आधीच्या काही महिन्यांतल्या चढायांनी थकलेले, त्यात वाटेत जुलाब. तरी थांबले नाहीत; डोलीत बसून पुढे जात राहिले. 5 जूनला तिबेटमधील कंपा झोंगजवळच्या खिंडीत त्यांचे हृदय थांबले. मोहिमेतले युरोपीय सहकारी तेव्हा जवळ नव्हते, डोली वाहणारे होते. कंपा झोंगला त्यांना पुरले त्या जागेवरून पौहुनरी, कांगचेंगयाओ आणि चोमियोमो ही त्यांनी सर केलेली तिन्ही शिखरे दिसतात.