आधी बूट काढा

हैदराबादला थंडी पडते असे सांगितले की नागपूरकडील आप्त हसतात. त्यांनी पौषातील एखाद्या पहाटे, पारा १२-१३ अंशांवर असताना, गंडीपेठच्या रस्त्याने ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल चालवून पाहावी. पायांची बोटे अर्ध्या तासात बधिर होतात आणि मग ठणकू लागतात. ही तक्रार अलीकडे माझ्या कानावर वारंवार येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाह्यवळण रस्त्यालगत सौर छताखालचा २३ किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला, त्या सुमारास आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी पन्नाशीत नवी सायकल घेतली. तिच्याबरोबर आली ती ‘क्लिपलेस’ पेडल.

हे नाव मोठे फसवे आहे. यात बूट पेडलला चक्क अडकवलेला असतो. पूर्वी बुटाचे टोक धरून ठेवणारा सांगाडा व पट्टा, म्हणजे ‘टो-क्लिप’, असे. तो गेला म्हणून हे क्लिपलेस. लुक या फ्रेंच कंपनीने बर्फावरील स्कीला बूट अडकवण्याचे तंत्र १९८४ मध्ये पेडलला लावले आणि १९८५ मध्ये बर्नार इनो याने तीच पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकल्यावर त्यांचा बोलबाला झाला. शर्यतीसाठी ती उत्तमच. परंतु त्यांचा बूट मुद्दाम ताठ तळाचा, घट्ट आणि हवेशीर जाळीचा केलेला असतो. पाऊल दुमडत नाही, त्यातील लहान स्नायू हलत नाहीत. चवड्याखाली, क्लीटपाशी दाब एकवटतो व बोटांमधले मज्जातंतू चिमटले जातात. जाळीतून वारा थेट बोटांवर येतो. शरीराला थंडी जाणवली की त्वचेचा, विशेषतः बोटांचा, रक्तप्रवाह आधी आखडतो. अशा वेळी आपण मोज्यांचा दुसरा जोड चढवतो, बूट अधिकच आवळतो आणि उरलासुरला प्रवाहही अडतो.

जाड मोज्यांचा हा सल्ला मीही दिलेला आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच. आमच्या रविवारच्या चमूत एक गृहस्थ आहेत. व्यवसायाने हिशेबनीस, दहा वर्षांचे मधुमेही. एका जानेवारीत चहाच्या टपरीवर त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, पाय फार गारठतात हो, दुखतातही. काय करावे?” हातातला पेला खाली न ठेवता मी म्हणालो, “जाड मोजे घाला आणि घरी गेल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसा.” चौथ्या दिवशी ते दोन्ही पावलांवर फोड घेऊन दवाखान्यात आले. बादलीतले पाणी किती कढत आहे हे त्यांना कळलेच नव्हते. वहिनींनी त्यात हात घातला तेव्हा त्या किंचाळल्या. १० ग्रॅमचे मोनोफिलामेंट अंगठ्याला टेकवले, त्यांना पत्ता लागला नाही. जखमा भरायला सात आठवडे लागले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. टपरीवर ती शक्य नव्हती हे खरे, पण ‘उद्या दवाखान्यात या’ एवढे म्हणायला काय हरकत होती?

निदान पावलाला हात तरी लावायचा. गार ‘वाटणारे’ पाऊल हाताला ऊबदार लागले, तर संशय मज्जातंतूंचा धरावा. खरोखरच गार लागले आणि नाडी क्षीण असली, तर रक्तवाहिन्यांचा विचार करून घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे. बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर रेनॉचा विकार आठवावा. बीटा-ब्लॉकर चालू आहे काय, तंबाखू आहे काय, हे विचारावे. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ विसरू नये. दुखणे एकाच पायाचे, चढावर जोर लावताच येणारे आणि थांबताच जाणारे असेल, तर ते बुटाच्या माथी मारू नये. सायकलपटूंत बाह्य इलियाक धमनी अरुंद झालेली आढळते.

हे सारे निर्दोष निघाले की मगच बुटाकडे वळावे. उपाय साधे आहेत. बूट अर्धा नंबर मोठा, मोजा लोकरीचा, पातळ व एकच. पुढचा पट्टा सैल. क्लीट काही मिलिमीटर टाचेकडे सरकवावे, बुटाच्या टोकावर वारा अडवणारे आवरण घालावे, आणि बोटे बधिर होताच उतरून पाच मिनिटे चालावे. धड उघडे ठेवून पाय मात्र गुंडाळणे व्यर्थ आहे.

माझी खरी तक्रार आपल्या व्यवसायबंधूंविषयी आहे. ‘रोज सायकल चालवा’ असे आपण मधुमेह्याला सांगतो, प्रमाणपत्र देताना हृदयाचा आलेख काढतो, पण बूट काढायला सांगत नाही. १४ नोव्हेंबरच्या मधुमेहदिनी सायकलफेऱ्या निघतात. प्रारंभस्थळी टोप्या व केळी वाटली जातात. तेथेच एक बाक, एक मोनोफिलामेंट आणि एक डॉक्टर असावा, असा माझा आग्रह आहे. ज्याची संवेदना गेली आहे त्याला क्लिपलेस पेडल देऊच नयेत. बुटातला खडाही त्याला कळणार नाही. यात फेरीला उशीर होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. होऊ द्यावा.

आमचे हिशेबनीस आता साध्या सपाट पेडलवर, मोकळ्या बुटांत येतात. टपरीवर चहा येईपर्यंत ते मोजे काढून तळवे मला दाखवतात. पोरे हसतात. मी चष्मा लावतो.