मलमाची परीक्षा

वासरांच्या डोळ्यांभोवती व मानेवर गजकर्णाचे करडे, खरखरीत चट्टे उमटले की शेतकऱ्याचा हात बांधावरील टाकळ्याकडे किंवा करंजेलाच्या बाटलीकडे जातो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. टाकळ्यास संस्कृतात ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असेच नाव आहे. परंतु नाव म्हणजे पुरावा नव्हे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

वासरांचे गजकर्ण हा बुरशीचा रोग असून सशक्त जनावरात तो बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. ही एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे गावोगावच्या रामबाण मलमांचे रहस्य उलगडते. तिसऱ्या महिन्यात ज्याने जे लावले त्यास यश आले! मग ते टाकळ्याचे बी असो वा चुलीतील राख. दरम्यान रोग गोठ्यात पसरतो आणि वासरांशी खेळणाऱ्या मुलांच्या अंगावरही उठतो.

‘वाडवडिलांच्या औषधाची परीक्षा कशाला?’ असे कोणी विचारील. त्यांनी ‘गोवा पावडरी’चा इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात ही भुकटी मुंबईत गजकर्णावर प्रसिद्ध होती. पण ती कशाची, हे पुष्कळ दिवस गूढच होते. 1870 नंतरच्या दशकात ती ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील असल्याचे सिद्ध झाले व तिच्यातून क्रायसारोबिन हे द्रव्य काढण्यात आले. ते कातडीचा दाह करते व डोळ्यांस अपाय करते, हेही कळले. पुढे 1916 साली जर्मनीत त्याच जातीचे डिथ्रॅनॉल पुढे आले. सोरायसिसवर ते अद्याप वापरतात. परीक्षेने औषधाची पत गेली नाही, वाढली.

दुकानातील मलम म्हणजे परीक्षित, असेही समजू नये. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज तत्काळ शमते, पण बुरशी आतून फोफावते. अशी कित्येक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारला 2018 साली करावा लागला.

तेव्हा आमची सूचना अशी. सोसायटीने पशुवैद्याच्या देखरेखीखाली सभासदांच्या गोठ्यांत एक हंगाम प्रयोग करावा. प्रथम चट्ट्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाची खात्री करावी. मेण व तेल यांचे दोन डबे भरावेत. एकात टाकळ्याच्या बियांचे चूर्ण तोलून घालावे, दुसऱ्यात केवळ तसाच रंग. कोणता डबा कोणता, हे चिटणीसांवाचून कोणास ठाऊक नसावे. कोणत्या वासरास कोणता डबा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. दर आठवड्यास चट्टा दोऱ्याने मोजून वहीत टिपावा. मलम डोळ्यांपासून दूर ठेवावे, लावल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि रुईचा चीक तर मुळीच वापरू नये. त्याने दृष्टीस इजा होते. रोग बळावल्यास प्रयोग सोडून पशुवैद्य सांगेल तो उपचार करावा.

बियाण्याची उगवण पाहिल्याखेरीज आपण पेरणी करीत नाही. जे वासराच्या व लेकराच्या अंगास लावावयाचे, त्यास निदान तेवढी कसोटी असावी. निकाल प्रतिकूल आला तरी तो याच मासिकात छापावा. फसलेला प्रयोग लपविणे हेच खरे नुकसान होय.