मुरुमांवरचे औषध : साधे आम्ल की कुपीबंद आम्ल?

आठवी ते दहावीच्या वर्गांत हल्ली पेन-पेन्सिलीच्या कप्प्यात एखादी लहानशी ट्यूबही असते. कुणी ती लपवून ठेवते, कुणी मैत्रिणीला दाखवते. तिच्यावर ‘सॅलिसिलिक ॲसिड 2 टक्के’ असे लिहिलेले असते. अलीकडे त्यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे : ‘एन्कॅप्सुलेटेड’. म्हणजे तेच आम्ल, पण अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये बंद केलेले. हा शब्द आला की किंमत चढते, आणि मग घरी हट्ट सुरू होतो. पालकसभेत याविषयी विचारणा होते, विद्यार्थीही विज्ञानाच्या तासाला विचारतात. म्हणून या अंकात आम्ही आमचे मत स्पष्टपणे मांडत आहोत.

आमचे मत थोडक्यात असे : ज्या मुलामुलींना साधे, सौम्य मुरूम आहेत त्यांच्यासाठी साधे आम्ल, योग्य प्रमाणात आणि योग्य पद्धतीने वापरलेले, पुरेसे आहे. कुपीबंद आम्ल ही फसवणूक नाही. त्यामागे खरे विज्ञान आहे. पण त्याची गरज सर्वांना नसते, आणि नुसत्या लेबलावरच्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आधी मुरूम म्हणजे काय ते पाहू. वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढतात, त्यामुळे त्वचेखालील तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्वचेच्या मृत पेशी आणि हे तेल मिळून रोमछिद्र बुजते. आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. हा चेहरा न धुतल्याचा दोष नाही, वाईट विचारांचा तर मुळीच नाही. वर्गात कुणाला मुरुमांवरून चिडवणे हा मात्र दोषच आहे, हे आम्ही या निमित्ताने सांगून ठेवतो.

बुजलेले छिद्र मोकळे करण्यासाठी जी आम्ले वापरतात त्यांत सॅलिसिलिक आम्ल जुने आणि परिचित. विलो झाडाच्या सालीतून 1828 मध्ये सॅलिसिन वेगळे काढले गेले आणि 1838 मध्ये इटलीतील रफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केले. ॲस्पिरिनही याच घराण्यातली. हे आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते, एका लिटरला साधारण दोन ग्रॅम. तेलात मात्र मिसळते. म्हणूनच ते तेलकट छिद्रात शिरू शकते. दुसरे ॲझेलाइक आम्ल. ते गहू, बार्ली अशा धान्यांतही सापडते. ते सूज कमी करते आणि मुरूम गेल्यावर राहणारे काळे डागही फिके करते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर मुरुमापेक्षा डागच जास्त दिवस राहतो, तेव्हा हा गुण मोलाचा आहे. तिसरे ग्लायकोलिक आम्ल. उसात ते निसर्गतः असते.

आता खरा प्रश्न. ही आम्ले औषधात घालणाऱ्या रसायनतज्ज्ञापुढे एक पेच असतो. तो नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल, कारण सामू म्हणजे पीएच त्यांनी शिकलेला आहे. आम्ल त्वचेत शिरते ते त्याच्या मूळ, आयन न झालेल्या रूपात. सॅलिसिलिक आम्लाचे गणित केले तर सामू 3 असताना जवळजवळ निम्मे आम्ल या रूपात असते. सामू 4 केला की साधारण साडेआठ टक्केच उरते, आणि सामू 5 ला जेमतेम एक टक्का. म्हणजे औषध कामाचे हवे तर ते आंबट हवे. पण आपल्या त्वचेचा स्वतःचा सामू 4.5 ते 5.5 च्या आसपास असतो. फार आंबट पदार्थ लावला की चुरचुरते, लाल होते, साले निघतात. काम हवे तर जळजळ सोसावी लागते, जळजळ टाळावी तर काम कमी होते. शिवाय पाण्यात न विरघळणारे आम्ल विरघळवायला अल्कोहोलसारखे द्रावक लागते, आणि तेही त्वचा कोरडी करते.

साध्या औषधात यावर जुना उपाय केलेला असतो : आम्लाचे प्रमाण अर्धा ते दोन टक्क्यांत ठेवायचे, सामू 3 ते 4 च्या दरम्यान राखायचा आणि वापरणाऱ्याला सांगायचे की हळूहळू सुरुवात करा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1991 मध्ये मुरुमांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचे नियम ठरवले, तेव्हा सॅलिसिलिक आम्लाला हीच अर्ध्या ते दोन टक्क्यांची मर्यादा घातली. इतकी वर्षे कोट्यवधी लोकांनी वापरलेली ही वस्तू आहे. तिचे गुणही ठाऊक आहेत आणि दोषही.

कुपीबंद आम्लाची कल्पना शेतकरी पालकांना लगेच कळेल. साधा युरिया टाकला की पिकाने घेण्याआधीच त्यातला बराच नत्र वाया जातो. म्हणून 2015 पासून आपल्या देशात युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, जेणेकरून नत्र पिकाला सावकाश मिळावा. त्वचेच्या बाबतीत विचार तोच आहे. आम्लाचे सूक्ष्म थेंब मेदाच्या, पिष्टापासून केलेल्या शर्करेच्या किंवा बहुवारिकाच्या आवरणात ठेवायचे. लावल्यावर सगळे आम्ल एकदम अंगावर येत नाही, सावकाश बाहेर पडते. चुरचुर कमी होते आणि विरघळण्याची अडचणही सुटते.

यातली मेदाची कुपी, म्हणजे लायपोसोम, ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात वर्णन केली. आपल्या मराठी मुलखातही यावर मोलाचे काम झाले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचे ॲम्फोटेरिसिन हे औषध लायपोसोममध्ये घालून रुग्णांसाठी सिद्ध केले. ते औषध साध्या रूपात मूत्रपिंडाला अपाय करते. कुपीत घातल्यावर तो त्रास कमी होतो. तेथे कुपीची गरज खरी होती, जीवनमरणाची होती.

मुरुमांच्या औषधांतही असे एक खरे उदाहरण आहे. ट्रेटिनॉइन म्हणजेच रेटिनोइक आम्ल. ते गुणकारी, पण त्वचेला फार झोंबणारे. सच्छिद्र सूक्ष्म गोळ्यांत भरलेले त्याचे जेल अमेरिकेत 1997 मध्ये मंजूर झाले, आणि त्यामुळे बऱ्याच रुग्णांना हे औषध सोसू लागले. पण ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, त्याची चाचणी झालेली आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कुपीबंद आम्लामागे अशी चाचणी असतेच असे नाही. एकाचा दाखला दुसऱ्याला लावता येत नाही.

म्हणून लेबल वाचताना चार गोष्टी तपासाव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, वस्तू कोणती आहे? फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा-एक मिनिट राहतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. सावकाश सुटणारे आम्ल सुटण्याआधीच वाहून जाणार. शिवाय फेसवॉशमधला फेस करणारा घटक मेदाची कुपी फोडू शकतो. फेसवॉशमध्ये कुपीसाठी जादा पैसे देणे आम्हांला पटत नाही. रात्रभर राहणाऱ्या जेलमध्ये किंवा क्रीममध्ये कुपीला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट, दोन टक्के कशाचे? समजा, कुपीच्या मिश्रणात आम्ल 20 टक्के आहे आणि क्रीममध्ये ते मिश्रण 2 टक्के घातले आहे. मग प्रत्यक्ष आम्ल किती? 2 चे 20 टक्के, म्हणजे 0.4 टक्के. अर्धा टक्काही नाही! लेबलावर आकडा मोठा दिसतो, आत वस्तू थोडी असते. हे टक्केवारीचे गणित सातवीचा विद्यार्थीही करील. जेथे प्रत्यक्ष आम्लाचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले नाही तेथे सावध राहावे.

तिसरी गोष्ट, सामू. कुपीबंद क्रीमचा सामू बहुधा सौम्य ठेवतात, तेच त्याचे आकर्षण असते. पण कुपीतून बाहेर आलेले आम्ल जर 5.5 सामूच्या क्रीममध्ये पडले, तर वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे त्याचा बहुतेक भाग आयन होऊन बसणार. जळजळ नाही, हे खरे. पण काम किती, हेही विचारले पाहिजे.

चौथी गोष्ट, आपला उन्हाळा. बासरला एप्रिल-मे महिन्यांत काय ऊन असते ते आपण सारे जाणतो. पत्र्याच्या छपराखालचे दुकान, बसच्या टपावरचे खोके, खिडकीत ठेवलेली ट्यूब. मेदाच्या कुप्या उष्णतेने फुटतात, आत ठेवलेले आम्ल आधीच बाहेर येते, आणि मग महाग वस्तू आणि साधी वस्तू यांत फरक उरत नाही. साधे आम्ल या बाबतीत अधिक टणक आहे.

मग कुपीबंद आम्ल कुणी घ्यावे? ज्यांची त्वचा मुळात कोरडी आणि नाजूक आहे, ज्यांनी साधे आम्ल कमी प्रमाणात, एक दिवसाआड लावून पाहिले आणि तरी ते सोसले नाही, त्यांनी. तेही शक्यतो डॉक्टरांना विचारून. अशा मुलांसाठी रोज लावता येणारे सौम्य औषध हे दोन दिवसांत टाकून दिलेल्या तीव्र औषधापेक्षा केव्हाही चांगले. कारण मुरुमांच्या उपचारात खरी कसोटी धीराची असते. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ट्यूब बदलणाऱ्याला कोणतेच औषध लागू पडत नाही.

साधे आम्ल वापरणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, रात्री, पातळ थर लावावा. डोळे, ओठ आणि फुटलेली त्वचा टाळावी. ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे त्यांनी सॅलिसिलिक आम्ल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दिवसा उन्हापासून चेहरा जपावा. ग्लायकोलिक लावणाऱ्यांनी तर आवर्जून. मुरूम फोडू नयेत.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. साधे की कुपीबंद हा वाद ज्यांच्या हातात खरे आम्ल आहे त्यांचा आहे. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. ‘आठ दिवसांत गोरे व्हा, डाग घालवा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्याने आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते आणि मुरूम दुप्पट वेगाने परततात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती हातोहात मिळतातच. दुसरा धोका पाऱ्याचा. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना क्रीममधील पाऱ्यामुळे इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाले. 2023 मध्ये वर्तमानपत्रांतून ही बातमी आली. आपल्या प्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. ज्या ट्यूबवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी नाही, ती घरात आणूच नये.

घरगुती उपायांबद्दलही दोन शब्द. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळू नये. त्याचा सामू दोनच्या आसपास असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास डाग पडतात. टूथपेस्ट दातांसाठी आहे. हळदीविषयी बासरकरांना आम्ही काय सांगावे? देवीच्या मूर्तीवरील हळदीचा कण आपण प्रसाद म्हणून भक्तिभावाने घेतो. हळद लावायला आमची हरकत नाही, पण बुजलेले छिद्र ती उघडत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

पालकांना विनंती अशी की मुलाने ट्यूब मागितली तर ‘नसते लाड’ म्हणून झिडकारू नका आणि जाहिरातीवर विसंबून महागडी वस्तूही आणू नका. त्याच्याबरोबर बसून लेबल वाचा. मुरूम मोठे, दुखरे, गाठीसारखे असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर ट्यूबचा प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये नांदेडलाही आहेत आणि निजामाबादलाही. आपल्या स्टेशनवरून गाडीने दोन्हीकडे जाता येते. खड्डे एकदा पडले की ते भरून काढणे फार अवघड असते, तेव्हा येथे उशीर परवडत नाही.

माननीय विश्वस्तांकडे आमची एक मागणी आहे. प्रयोगशाळेसाठी सामू तपासण्याच्या कागदपट्ट्या, सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड एवढे साहित्य मंजूर करावे. बीटाच्या रसात अल्जिनेट कालवून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले की मण्यांसारख्या कुप्या तयार होतात. त्या कोमट पाण्यात आणि थंड पाण्यात ठेवून रंग किती वेळात बाहेर येतो हे मुलांनी घड्याळ लावून मोजावे. साबणाच्या पाण्यातही ठेवून पाहावे. खर्च थोडा आहे. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने कुपी केली आणि रंग सुटायला लागलेला वेळ वहीत लिहिला, तो दुकानात ‘एन्कॅप्सुलेटेड’ हा शब्द वाचून भुलणार नाही. आत काय आहे, किती आहे आणि ते केव्हा बाहेर येणार, हे तो दुकानदाराला विचारील.

— संपादक मंडळ