कर्त्याची अलिप्तता

मुद्राराक्षस नाटकाच्या तिसऱ्या अंकांत चाणक्य राज्यकार्यसिद्धीचे तीन प्रकार सांगतो. एक राजावर अवलंबून, दुसरी सचिवावर, आणि तिसरी दोघांवर. दोन हजार वर्षांमागील ज्या काळाची ही कथा, तो काळ गेला, राजे गेले. पण हाताखालच्या माणसांच्या कामांत प्रमुखानें किती हात घालावा, हा प्रश्न संस्थांच्या चालकांस व घरच्या कर्त्यांस आजही सुटलेला नाहीं.

आमच्या मतें याचें उत्तर शोधण्यास साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कारकीर्दीइतकें बोधप्रद उदाहरण विरळा. १७२० मध्यें बाळाजी विश्वनाथ वारल्यावर महाराजांनीं त्याच्या वीस वर्षांच्या बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. दरबारांतील जुन्या मंडळींस तें रुचलें नाहीं. महाराज मात्र निवडीपासून ढळले नाहींत. रोजच्या कूच-मुक्कामाचे हुकूम साताऱ्याहून सुटते, तर १७३७ मध्यें मराठी फौज दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन सुखरूप परतती, असें आम्हांस वाटत नाहीं. विश्वासानें कर्तृत्व फुलतें, तें असें.

परंतु गुजराथेंत सेनापति दाभाड्यांचा अधिकार कोठें संपतो व पेशव्यांचा कोठें सुरू होतो, याचा निकाल वेळींच लागला नाहीं. १७३१ मध्यें डभईस मराठ्यांची तरवार मराठ्यांवरच चालली आणि त्रिंबकराव दाभाडे रणांत पडले. त्यानंतर माळवा पेशव्यांकडे व गुजराथ दाभाड्यांकडे, अशी वांटणी झाली. जी रेषा आधीं शाईनें ओढतां आली असती, ती रक्त सांडल्यावर ओढावी लागली. पुढें १७४३ मध्यें बंगालच्या चौथाईवरून रघूजी भोसले व नानासाहेब पेशवे यांच्यांत वितुष्ट आलें, तेव्हांही महाराजांनींच मध्यें पडून दोघांचीं क्षेत्रें आंखून दिलीं. आणि १७४९ मध्यें महाराज निवर्तल्यावर कारभाराचें केंद्र पुण्यास गेलें. साताऱ्याच्या गादीपाशीं मान उरला, सत्ता उरली नाहीं.

यावरून दिसतें कीं, अलिप्त राहणें निराळें आणि बेफिकीर राहणें निराळें. एकत्र कुटुंबांत एखादे वडील मुलांकडे दुकान व सुनांकडे कोठीघर सोंपवितात, पण कोणता खर्च कोणीं करावा हें सांगत नाहींत. पुढें दोघां भावांत कुरबूर सुरू झाली, कीं "आम्हीं तर सर्व तुमच्यावरच सोडलें होतें" म्हणून जपमाळ हातीं घेतात. याच्या उलट कोणी पैपैचा जाब रोज विचारतात. त्यांच्या घरीं चाळिशीचा मुलगाही भाजी आणण्यापुरताच मोठा राहतो.

म्हणून गृहस्थांस आमची सूचना एवढीच: किल्ल्या देण्यापूर्वीं कोणाचें काम कोठवर, हें सर्वांदेखत ठरवावें. हिशेब ठरल्या दिवशीं पाहावा, आणि मधल्या दिवसांत तोंड मिटून बसावें. यांतील शेवटचें कलम पाळणेंच वडिलांस सर्वांत जड जातें, हें आम्ही जाणून आहों.