गाणं तुमचं, फाइल कुणाची?

कॉलेजच्या बँडचं गाणं आजकाल एका खोलीत तयार होतच नाही. गिटार वाजवणारा होस्टेलवर एफएल स्टुडिओमध्ये डेमो करतो, गाणारी घरी फोनवरच्या बँडलॅबमध्ये आवाज रेकॉर्ड करते आणि मिक्सिंगला कसाबसा तयार झालेला सीनियर मॅकवर लॉजिक प्रो उघडून बसलेला असतो. मग ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो, 'अरे, फाइल ओपनच होत नाहीये.' त्यावर ठरलेलं उत्तर येतं, 'एमपीथ्री करून पाठव ना!' आणि दोन महिन्यांची मेहनत एका एमपीथ्रीत कोंबली जाते. आता त्यातली ढोलकी कमी करता येत नाही, की गाणारीचा आवाज वर काढता येत नाही.

आपण याला 'टेक्निकल लोचा' म्हणतो आणि सोडून देतो. पण जरा विचार करून बघा. जानेवारी 2011 पासून देशभरात मोबाइल नंबर पोर्ट करता येतो. कंपनी पटली नाही, तर नंबर घेऊन दुसरीकडे जाता येतं. स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं गाणं घेऊन मात्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात धड जाता येत नाही. असं का होतं? आणि आपल्या हातात काय आहे?

'घरचं' म्हणजे आता कच्चं नाही

घरी करायचा तो डेमो आणि स्टुडिओत होतं ते खरं रेकॉर्डिंग, अशी पूर्वी सरळ वाटणी होती. ती केव्हाच मोडली. कुर्ल्याच्या नेझीनं 2014 मध्ये आयपॅडच्या जोरावर 'आफत' केलं आणि मुंबईच्या हिप-हॉपकडे सगळ्यांचे कान वळले. केन्ड्रिक लामारच्या 2017 च्या 'डॅम' अल्बममधल्या 'प्राइड'ची सुरुवात स्टीव्ह लेसीच्या आयफोनवर, गॅरेजबँडमध्ये झाली. बिली आयलिशचा 2019 चा पहिला अल्बम तिचा भाऊ फिनिअसनं मुख्यतः घरातल्या बेडरूममध्ये, लॉजिक प्रोवर केला. त्याला 2020 मध्ये 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं.

म्हणजे घरी पकडलेला आवाजच आता शेवटपर्यंत गाण्यात राहू शकतो. पुढे त्याचं मिक्सिंग दुसरं कुणी करेल, सिनेमात किंवा वेब सीरिजमध्ये घेतलं तर स्टुडिओला वेगवेगळे ट्रॅक लागतील, पाच वर्षांनी तुम्हालाच त्याचं नवं व्हर्जन करावंसं वाटेल. यातल्या प्रत्येक वेळी गाणं मूळ सॉफ्टवेअरच्या बाहेर सुटं निघायला हवं.

काय पोचतं, काय मागे राहतं

गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये ढोबळमानानं तीन थर असतात. पहिला थर ऑडिओ, म्हणजे माइकमधून आलेला प्रत्यक्ष आवाज. तो बहुतेक वेळा वेव्ह फाइलमध्ये असतो. हा फॉरमॅट 1991 पासून आहे आणि जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येतो. घोळ होतो तो सॅम्पल रेटचा. एकानं 44,100 वर रेकॉर्ड केलं, दुसऱ्याचा प्रोजेक्ट 48,000 चा आहे आणि मध्ये रूपांतर झालंच नाही, तर सगळं जलद वाजतं. चार मिनिटांचं गाणं साधारण 20 सेकंदांनी आखूड होतं. सूरही चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन पडतं. आता त्याच्याबरोबर पेटी वाजवून दाखवाच!

दुसरा थर मिडीचा. मिडीत आवाज नसतोच. कोणता स्वर, कधी, किती जोरात, किती वेळ एवढी नोंद असते. भातखंड्यांच्या स्वरलिपीची वही समजा. वही कुणालाही वाचता येते, पण ती सतारीवर वाजवायची की बासरीवर हे समोरचा ठरवतो. वाद्यांचे नंबर ठरवून देणारं 'जनरल मिडी' हे मानक 1991 मध्ये आलं. त्यातल्या 128 वाद्यांत सतार आहे, शहनाई आहे. तालवाद्यांच्या यादीत तबला मात्र नाही. त्यामुळे ढोलकीच्या प्रत्येक सॅम्पल लायब्ररीत बोल वेगवेगळ्या स्वरांवर बसवलेले असतात. तुमच्याकडे जी पट्टी 'ना' वाजवते, तिच्यावर मित्राकडे स्नेअर ड्रम वाजू शकतो.

मींड असेल तर आणखी मजा. मिडी फाइलमध्ये स्वर किती वाकवला याचा फक्त आकडा जातो. त्या आकड्याचा अर्थ समोरच्या वाद्याच्या सेटिंगवर ठरतो. तुमच्या वाद्यात पूर्ण वाक म्हणजे दोन अर्धस्वर आणि त्याच्या वाद्यात बारा, तर सा पासून रे पर्यंतची मींड थेट वरच्या सा वर जाऊन आदळते. फाइल बरोबर असते, कुणीही चुकलेलं नसतं, आणि तरी गाणं बिघडलेलं असतं.

तिसरा थर तुमच्या निर्णयांचा. मुखड्याला आवाज किंचित पुढे आणला, अंतऱ्यात रिव्हर्ब वाढवला, गिटारचा तीक्ष्णपणा कापला, शेवटच्या ओळीला सगळं हळूहळू विरत नेलं. तुमचं 'साउंड' म्हणतात ते यातच असतं, आणि सहसा हेच मागे राहतं. चित्रपटाच्या एडिटिंगमधून आलेले ओएमएफ आणि एएएफ हे फॉरमॅट ट्रॅकचे तुकडे, त्यांच्या जागा आणि आवाजाची काही माहिती घेऊन जातात. प्लगइनचं सेटिंग मात्र त्यातून जात नाही.

दार बंद कुणी केलं?

सगळा दोष कंपन्यांना देणंही बरोबर नाही. ही सॉफ्टवेअर गाण्याकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतात. एफएल स्टुडिओ पॅटर्नमध्ये विचार करतो. एबलटन लाइव्हमध्ये तुकडे हवे तेव्हा वाजवायचं वेगळं दालनच आहे. प्रो टूल्सची रचना टेपसारखी डावीकडून उजवीकडे चालते. एकातली गोष्ट दुसऱ्यात बसवायला जागाच नसेल, तर ती जाणार कुठे?

पण जिथे ठरवलं तिथे दार उघडलंही आहे. सिक्वेन्शियल सर्किट्स ही अमेरिकी कंपनी आणि रोलँड ही जपानी कंपनी सिंथेसायझरच्या बाजारात एकमेकांच्या स्पर्धक होत्या. तरी जानेवारी 1983 मध्ये त्यांची वाद्यं एका वायरनं जोडून दाखवली गेली आणि मिडी सुरू झालं. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. रीपर या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. 2023 मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी 'डॉप्रोजेक्ट' नावाचा खुला फॉरमॅट आणला. ऑडिओ, मिडी, ऑटोमेशन आणि प्लगइनची सेटिंगसुद्धा एका फाइलमधून नेण्याची त्यात सोय आहे. समोरच्याकडे तेच प्लगइन हवं, ही अट अर्थातच राहते. 2024 मध्ये क्युबेस 14 ही त्यात आलं. मात्र एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, लॉजिक आणि प्रो टूल्स ही आपल्याकडे जास्त ऐकू येणारी नावं सुरुवातीच्या यादीत नव्हती.

का नव्हती, याचं एक उत्तर धंद्यात सापडतं. आत येणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड असेल, तर ग्राहक टिकतो. गॅरेजबँड मोफत आहे आणि त्यातला प्रोजेक्ट लॉजिक प्रोमध्ये थेट उघडतो. लॉजिकचा प्रोजेक्ट गॅरेजबँडमध्ये उघडत नाही. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह करता येतो, पण तो पुन्हा नीट उघडायला लायसन्स घ्यावं लागतं. यात बेकायदा काही नाही. फक्त आपण कुठल्या दारातून आत शिरतोय, हे आधी माहीत असावं.

आणि कंपनीचं धोरण बदललं तर? केकवॉकचं उदाहरण बघा. विंडोजवर काम करणाऱ्या कितीतरी लोकांची गाणी त्यांच्या सोनार या सॉफ्टवेअरमध्ये होती. नोव्हेंबर 2017 मध्ये गिब्सन कंपनीनं त्यावरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी 2018 मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि मोफत दिलं. 2023 मध्ये त्याच बँडलॅबनं सांगितलं, की या मोफत सॉफ्टवेअरची जागा नवं सोनार घेईल आणि त्याला पैसे पडतील. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीनं एकदाच विकत घ्यायची सोय बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं ठरवलं. वापरणारे इतके भडकले, की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. यातला एकही निर्णय गाणं करणाऱ्याला विचारून झालेला नव्हता. तो ओरडल्यावर मात्र निदान एकदा तरी ऐकून घ्यावं लागलं.

कायद्याकडून फार आशा नको. आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क 2019 च्या डेटा संरक्षण विधेयकात होता. 2023 च्या कायद्यात तो उरला नाही. आणि तो असता तरी वैयक्तिक माहितीपुरता. ढोलकीच्या ट्रॅकवरच्या रिव्हर्बला त्याचा कितपत उपयोग झाला असता, हा प्रश्नच आहे.

कॅसेट उघडली, म्हणून

जॉन लेननने 1970 च्या दशकाच्या अखेरीला न्यूयॉर्कमधल्या घरी पियानोवर एक गाणं साध्या कॅसेटवर रेकॉर्ड केलं होतं. 1995 मध्ये बाकीच्या तीन बीटल्सनी त्यावर काम करून पाहिलं, पण आवाज आणि पियानो वेगळे निघेनात. शेवटी मशीन लर्निंगनं लेननचा आवाज सुटा काढला गेला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये 'नाउ अँड देन' आलं. 2025 मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं.

'मग काय, एआय आहे ना!' असं लगेच वाटेल. लॉजिक प्रोमध्येच मे 2024 मध्ये तयार गाण्यातून आवाज, ड्रम्स, बेस आणि बाकी सगळं असे चार भाग काढणारी सोय आली. पण आपल्या गाण्यात तबला, ढोलकी आणि टाळ एकत्र वाजत असतील, तर ते एकमेकांपासून सुटे कसे व्हायचे? पेटी आणि सारंगी 'बाकी सगळं'मध्ये जाऊन बसणार. शिवाय लेननच्या बाबतीत एआयच्या आधी एक साधी गोष्ट घडली होती. कॅसेट कुठल्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरवर वाजत होती. चाळीस वर्षांनी ती वाजली, म्हणून पुढचं सगळं झालं. तुमची आजची प्रोजेक्ट फाइल 2065 मध्ये उघडेल, याची खात्री कोण देणार?

बॅग भरताना

सगळ्या कंपन्या एका फॉरमॅटवर येतील तेव्हा येतील. तोवर गाणं बाहेर न्यायची जुनी, खात्रीची पद्धत आहे. ग्रॅमी देणारी रेकॉर्डिंग अकॅडमीही व्यावसायिकांना साधारण हाच मार्ग सुचवते.

• प्रत्येक ट्रॅक वेगळा, 24 बिट वेव्हमध्ये काढा. वाजायला मध्येच सुरुवात होत असली, तरी फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच काढा. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक एकाखाली एक ठेवले, की आपोआप जुळतात.

• महत्त्वाच्या ट्रॅकच्या दोन प्रती ठेवा, एक इफेक्टसकट आणि एक कोरी. पहिल्या प्रतीत तुमचे निर्णय राहतात, दुसरीत पुढच्याला काम करायला जागा मिळते.

• मिडी फाइल द्याच, पण त्या वाद्याचा ऑडिओही काढून द्या. म्हणजे मींड आणि ढोलकीचे बोल जसेच्या तसे पोचतील.

• एक साधी टेक्स्ट फाइल जोडा. त्यात टेम्पो, पट्टी, ताल, सॅम्पल रेट, वापरलेली प्लगइन्स आणि कुणी काय गायलं-वाजवलं-लिहिलं हे लिहा. पुढे श्रेयावरून वाद झाला, तर ही चार ओळींची फाइल कामी येते.

• तुमचं स्वतःचं कच्चं मिक्सही द्या, म्हणजे गाणं डोक्यात कसं वाजतंय ते समोरच्याला कळेल.

• व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून ट्रॅक पाठवू नका, आवाज दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जागा किती लागते? 48,000 आणि 24 बिटवर चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक साधारण 35 एमबीचा होतो. 20 ट्रॅकचं गाणं म्हणजे जवळपास 700 एमबी. गुगलच्या मोफत 15 जीबीत अशी वीसेक गाणी मावतात. कॉलेजच्या बहुतेक बँडची सगळी कारकीर्द त्यात बसेल!

हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला. फिरोदियाची तालीम चालू असताना रात्री दोनला 20 ट्रॅक एकेक करून काढायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? पण कॉलेजचा बँड तीन-चार वर्षांचा असतो. कुणी नोकरीला बेंगळुरूला जातो, कुणी परदेशात शिकायला, आणि सगळी गाणी ज्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत तो ते मशीन फॉरमॅट करून धाकट्या भावाला देऊन टाकतो. शेवटच्या सेमिस्टरच्या सबमिशनआधी एक दुपार काढा, सगळ्यांनी मिळून हे फोल्डर बनवा आणि प्रत्येकानं आपल्या हार्डडिस्कवर एकेक प्रत घेऊन जा.