धरण उशाला, कोरड घशाला

उन्हाळ्याच्या शेवटी भाटघर धरणाचं पाणी खाली गेलं की वेळवंड गावाजवळ कांबरेश्वराचं मंदिर वर येतं. वर्षातले बहुतेक महिने पाण्यात काढलेल्या भिंती, अंगणभर वाळून तडकलेला गाळ आणि मधोमध पिंड. आसपासच्या गावांतली माणसं तो गाळ तुडवत दर्शनाला येतात.

वेळवंडी नदीवरचं हे धरण इंग्रजांनी बांधलं. लॉइड डॅम हे त्याचं जुनं नाव. आजच्या येसाजी कंक जलाशयात साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. धरणातून सुटलेलं पाणी नीरा नदीने वीर धरणात पोहोचतं आणि कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला मिळतं. तिकडची शेती बहरली, याचा आनंदच आहे.

पण हे पाणी ज्यांच्या जमिनींवर उभं आहे, त्यांचं काय? भोरच्या डोंगरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या वेल्ह्याचीही तीच कथा. पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी अशी तीन धरणं एकाच तालुक्यात असूनही बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरलेला नाही. पाऊस इथे धो धो पडतो, पण उतारावरून वाहून थेट धरणात जातो. वाड्या वर, पाणी खाली. ते वर चढवायला पंप हवेत, वीज हवी, टाक्या हव्यात. कालव्यांसाठी शंभर वर्षं पैसा मिळाला, तसाच या चढावासाठीही मिळायला हवा. आवर्तनाचं वेळापत्रक ठरवताना काठावरच्या गावांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढावं, मग कालव्याची दारं उघडावीत.