गोंगाटाचा कैवार

द्वारकेतील आमच्या मासिक बैठकीत गेल्या खेपेस एका ज्येष्ठ गृहस्थांनी आजच्या तरुणांच्या हेवी मेटल संगीताला 'पत्र्यावरचा पाऊस' म्हटले आणि सभेत हशा पिकला. मी हसलो नाही. कारण मेट्रोने कचेरी गाठताना कित्येक वर्षे तोच पाऊस माझ्या कानांत पडत आहे. मी बोललोही नाही. सरकारी नोकरीने लावलेली ती सवय आज मोडीत आहे.

आक्षेप दोन होते. एक, हे संगीतच नव्हे. दुसरा, ही परक्यांची नक्कल.

पहिल्याचे उत्तर आपल्याच साहित्यशास्त्रात आहे. भरताने रौद्र, भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीत बसविले ते केवळ संख्या भरावी म्हणून नव्हे. पोतराजाच्या आसुडात, हलगीच्या कडकडाटात, कोकणातील दशावतारी खेळात संकासुर रंगमंचावर येतो त्या क्षणी, माधुर्य कोणी शोधले आहे काय? नॉर्वेतील याच पंथाच्या काही तरुणांनी 1992 पासून चर्चे जाळली, त्या गुन्ह्यांचे समर्थन मला मुळीच कर्तव्य नाही. परंतु गुन्हेगाराच्या पापाने त्याचे वाद्य बाटत नाही.

दुसऱ्या आक्षेपासाठी मुंबईचाच दाखला घेऊ. साहिल मखीजा यांनी 2000 साली तेथे 'डिमॉनिक रेझरेक्शन' हा वाद्यवृंद स्थापन केला. 2005 मधील 'अ डार्कनेस डिसेंड्स' आणि 2010 मधील 'द रिटर्न टु डार्कनेस' या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. ड्रम्सची बेफाम दौड, घशाच्या तळातून उठणारी गर्जना आणि मागे की-बोर्डचे विस्तीर्ण सूर, हा बाज नॉर्वेच्या 'डिम्मू बोर्गिर'च्या घराण्याचा, हे मान्य. 2010 सालीच ही मंडळी ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात, म्हणजे गुरूच्याच अंगणात, वाजवून आली. पुढे 2017 साली त्यांनी 'दशावतार' काढली: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गीते आणि सोबत भारतीय वाद्ये. गवयाचा शिष्य वर्षानुवर्षे गुरूचा गळा उचलतो, तेव्हा आपण त्यास तालीम म्हणतो. मग येथेच ती नक्कल का ठरावी?

तथापि माझी खरी तक्रार पुढेच आहे. या ध्वनिमुद्रिकेतील दहाही अवतार इंग्रजीत बोलतात. डिम्मू बोर्गिरने 1995 आणि 1996 मधील आपल्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका नॉर्वेजियन भाषेत गायिल्या; इंग्रजी आली ती 1997 साली, जग जिंकावयास निघाल्यावर. ती भाषा बोलणारे अवघे अर्धा कोटी. 2011 च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या आठ कोटींहून अधिक आहे. मग मुंबईत घडलेल्या दशावताराला मराठी शब्द का सुचू नये?

याचा दोष मी त्या वादकांना देत नाही. ते सगळे मराठी आहेत असा माझा दावाही नाही. दोषी आपण आहोत. आपण मराठी राखली ती आरतीसाठी, हळदीकुंकवासाठी आणि नाट्यगीतांच्या मैफलीसाठी. संताप, संशय, भय यांना तिच्यात जागाच ठेवली नाही. माझा आठ वर्षांचा मुलगा भांडतो हिंदीत, रुसतो इंग्रजीत. मराठी त्यास लागते ती तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणण्यापुरती. ज्या भाषेत मुलाला ओरडता येत नाही, ती भाषा तो मोठेपणी नमस्कारापुरतीच ठेवील, आणि त्याची मुले तेवढीही ठेवणार नाहीत.

म्हणून मंडळाच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. यंदाच्या गणेशोत्सवात एक अर्धा तास आपल्या मुलांना द्यावा. त्यांनी हवे ते वाजवावे, हवे तितके गर्जावे. अट एवढीच, की शब्द मराठी असावेत. ज्येष्ठांनी वाटल्यास कानांत कापूस घालून बसावे. मात्र उठून जाऊ नये.